मानाचे देणे

आमच्या बुऱ्हाणपुरातील एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांचे महाविद्यालय लहान आहे. तेथे शिकून गेलेल्या नामवंत खेळाडूंचा व त्यांना तयार करणाऱ्या क्रीडाशिक्षकांचा सत्कार करावयाचा, आणि दालनात एक फलक लावून त्यावर त्यांची नावे कोरावयाची, असे ठरत होते. पण नावे कोणती घ्यावी यावर समितीचे एकमत होईना. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतकी वर्षे संडेस्कूलमध्ये बक्षिसे वाटता. मान कोणाला द्यावा हे तुम्हांला ठाऊक असेल." मला हसू आले. इतकी वर्षे बक्षिसे वाटूनही दर नाताळात कोणते तरी मूल रडत घरी जाते, हे त्यांना कोठे माहीत होते!

रविवारी उपासनेनंतर मी ही गोष्ट सहज बोललो, तर आमच्या मंडळीतील एक वडील जरा रागावलेच. ते म्हणाले, "गौरव एकट्या देवाचा. माणसांची नावे दगडावर कोरण्याच्या कामात आपण सल्ला कशाला द्यावा?" जवळ उभ्या असलेल्या एका तरुणाने विचारले, "मग आपल्या चर्चच्या भिंतीवर देणगीदारांची नावे आहेत ती कशी?" दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार करावा असे वाटले, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

वडिलांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजाचे भाषण ऐकून लोकांनी त्याला देव ठरवले. त्याने तो जयघोष मुकाट्याने स्वीकारला, आणि त्याचा शेवट काय झाला ते आपण मुलांना शिकवतोच. पुढे चौदाव्या अध्यायात लुस्त्र येथील लोक पौल व बर्णबा यांच्यासाठी बैल आणि हार घेऊन आले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली व आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले. ज्याला टाळ्यांची चटक लागली त्याचे काय होते हे आपण मंडळीतही पाहिले आहे आणि मैदानावरही.

पण वस्त्रे फाडणाऱ्या त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात मानाविषयी जे लिहिले आहे तेही पाहावे. कर, जकात, धाक आणि मान ही चारही त्याने एकाच ओळीत घातली आहेत, आणि ज्याचे जे असेल ते त्याला चुकते करा असे सांगितले आहे. कर ही काही आपल्या मर्जीने दिलेली भेट नसते. ती बाकी असते, आणि ती थकवली तर आपण दोषी ठरतो. पौलाच्या मते मानही त्याच जातीचा आहे. आपण सत्कार करतो तेव्हा आपण मोठ्या मनाने काहीतरी देत आहोत असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण एक जुने देणे फेडत असतो, आणि बहुतेक वेळा ते फार उशिरा फेडत असतो.

त्याच पत्राचा सोळावा अध्याय हा तर एक गौरवफलकच आहे. आपण तो वाचताना बहुधा घाईने पुढे सरकतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पण कोणत्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. फीबी हिने पुष्कळांना साहाय्य केले. प्रिस्किल्ला व अक्विला यांनी पौलासाठी आपला जीव धोक्यात घातला. रूफसची आई पौलालाही आईसारखी झाली. ज्याने हे पत्र हाताने लिहून काढले त्या तर्तियसालाही सलाम पाठवण्यास जागा मिळाली आहे. कोणालाही थोर अथवा महान म्हटलेले नाही. कोणाचे काय ऋण आहे तेवढेच सांगितले आहे. नुसत्या स्तुतीची नजर एका माणसापाशी अडते. ऋण मान्य केले की त्या माणसाच्या मागे कोण होते हे शोधावे लागते, आणि असे मागे मागे जाता शेवटी सर्व देणग्या देणाऱ्या देवापाशीच पोहोचावे लागते. आमच्या वडिलांना हवे होते तेही हेच.

आता मैदानाकडे वळू. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. शाळा कराडची, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, आणि कुस्ती लाल मातीतली. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जावयाचे होते, पण पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. तरी कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतातील खेळाडूने एकट्याच्या बळावर जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास 1996 साल उजाडावे लागले.

"एकट्याच्या बळावर" हे शब्द मी मुद्दामच लिहिले, कारण आपण नेहमी तसेच लिहितो. ते खरे आहेत काय? मॅटवर खाशाबा एकटे होते हे खरे. पण त्या मॅटपर्यंत ते एका गहाण घरावरून चालत गेले होते. त्या घरात खर्डेकरांचे कुटुंब राहत होते. कागदावर सही झाली त्या रात्री त्या घरात काय बोलणे झाले असेल? आपण पाचशे रुपये उसने देताना दहादा विचार करतो. येथे एका शिक्षकाने, हरण्याची शक्यता अधिक असलेल्या एका विद्यार्थ्यासाठी, डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. फलकावर नाव कोणाचे कोरावे असे प्राध्यापकांनी मला विचारले होते. मी त्यांना एवढेच म्हणालो, "पदक कोणी आणले हे तर लिहाच, पण घर कोणी गहाण ठेवले हेही लिहा."

यापुढची हकीकत मला पदकापेक्षाही मोठी वाटते. खाशाबा परत आले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने घेतली, बक्षिसाचे पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. सत्कार कसा करावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. ज्याच्या गळ्यात हार पडले त्यानेच ओळखले की आपण देणेकरी आहोत.

आणि आपण? 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले व सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. आज दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे, आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व योग्यच झाले. पण ज्याचे देणे होते तो ते घ्यायला राहिला नाही. ज्या पुरस्काराची बातमी त्या माणसाला घरी जाऊन सांगता येत नाही, त्याने आपल्या मनाचे समाधान होते. त्याच्या मनाचे होत नाही.

प्रशिक्षकांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण फलकावर त्यांची नावे नेहमी शेवटी व बारीक अक्षरांत येतात. विजय सॅम्युएल हजारे यांचे नाव आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतून अभिमानाने घेतले जाते. ते सांगलीच्या एका शिक्षकाचे चिरंजीव. 1952 साली मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. तरुणपणी ते आजच्या मध्यप्रदेशातील देवासच्या महाराजांच्या आश्रयाला होते, आणि तेथे महाराजांनी ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना शिकवण्यास आणले होते. हजारे फलंदाजीला उभे राहत ते पुस्तकात दाखवतात तसे नव्हे. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहत. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी ते मोडून काढले असते. ग्रिमेट यांनी तसे केले नाही. उभे राहण्याची पद्धत बदलू नकोस असेच सांगितले.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. शिक्षकाचे अर्धे काम शिकवण्याचे असते, आणि उरलेले अर्धे देवाने मुलात जे आधीच ठेवले आहे ते न बिघडवण्याचे. पहिले काम लोकांना दिसते. दुसरे कोणालाच दिसत नाही, कारण जे केले नाही त्याचे छायाचित्र निघत नाही. त्याचा साक्षी एकटा विद्यार्थी असतो. म्हणून गुरूंची नावे समितीने ठरवण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे.

यानंतर या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग येतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दावीद राजाच्या शूर वीरांची यादी आहे. कोणी एकट्याने शेत राखले, कोणी बर्फ पडत असताना खाचेत उतरून सिंह मारला, तिघांनी शत्रूची छावणी फोडून राजासाठी बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणले. अशी नावे येत येत यादी संपते, आणि शेवटचे नाव उरीया हित्ती याचे आहे. ज्याच्या बायकोला दावीदाने आपल्या घरी आणले आणि ज्याला त्याने लढाईत पुढे करून मारवले, तोच हा उरीया. यादी लिहिणाऱ्याला ते नाव गाळणे सोपे होते. राजाला ते खचित नको असेल. पण पवित्र शास्त्राने ते गाळले नाही. दावीदाचा गौरव सांगणाऱ्या यादीच्या तळाशी दावीदाचे पाप कोरलेले आहे.

आपल्या खेळाच्या इतिहासातही उरीया आहेत. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या मैदानाची निगा राखता राखता ते गोलंदाजी शिकले. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. चेंडू टाकण्यास त्यांचा हात चालत असे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही दिले गेले नाही. ते पुढे 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंचे नाव आज आपण अभिमानाने घेतो. पण त्या अभिमानात मातीच्या भांड्याची आठवण नसेल, तर तो मान अर्धा आहे.

प्रत्येक लहान संस्थेत अशी नावे असतात. फी भरता न आल्याने ज्याला मधूनच नाव काढावे लागले असा धावपटू असेल. निवड होऊनही ज्याला दुसऱ्या कोणाच्या मुलासाठी मागे सारले असा गडी असेल. शिवाय जुन्या छायाचित्रांत मुली का दिसत नाहीत, हे कोणी विचारले आहे काय? त्यांच्यात धावण्याची ताकद नव्हती असे नाही. त्यांना मैदान दिले गेले नाही. मी प्राध्यापकांना म्हणालो, "फलकावर एक ओळ यांच्यासाठी ठेवा. ज्यांना आम्ही खेळू दिले नाही त्यांची आम्हांला आठवण आहे, असे लिहा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "समितीला हे आवडणार नाही." दावीदालाही आवडले नसते.

हे लिहीत असता माझेच एक देणे डोळ्यांपुढे येते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. शाळेत असताना मी बरा धावत असे. आंतरशालेय स्पर्धेसाठी खंडव्याला जावयाचे होते, आणि घरी भाड्याचे पैसे नव्हते. आमच्या ड्रिलच्या गुरुजींनी माझे तिकीट काढले, आणि स्वतःच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट मला घातले. मी चौथा आलो. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, शेंगदाणे दिले आणि स्पर्धेचा शब्दही काढला नाही. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, त्याच रस्त्याने शेकडो वेळा गेलो. भेटावयास जाईन, जाईन, असे म्हणता म्हणता एक दिवस त्यांच्या निधनाची बातमी आली. ते तिकिटाचे पैसे मी परत करू शकलो असतो. तो हात परत करता आला नाही.

चौथ्या आलेल्या मुलाचे नाव कोणत्याही फलकावर येत नाही, आणि येऊही नये. पण त्या गुरुजींचे नाव यावे की नाही? त्यांच्या हातून कोणी विजेता निघाला नाही. त्यांनी हरलेल्या मुलाला माणसासारखे घरी आणले. याचे मोल कोणत्या आकड्यात लिहावे?

स्कॉटलंडचे एरिक लिडेल यांची गोष्ट आपण मुलांना पुष्कळदा सांगतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती म्हणून ते त्या शर्यतीत उतरले नाहीत, आणि चारशे मीटरमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. बहुधा आपण येथेच थांबतो. त्यानंतर ते मिशनरी होऊन चीनला गेले, तिएन्त्सिन येथील मिशनच्या महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागले व तेथील मुलांचे खेळही घेऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइशिएन येथील छावणीत कोंडले. तेथे आईबापांपासून ताटातूट झालेली पुष्कळ मुले होती. रविवारी देखरेखीवाचून खेळताना ती मुले भांडू लागली, तेव्हा हेच लिडेल शिट्टी घेऊन रविवारी त्यांच्या खेळात पंच म्हणून उभे राहिले, असे त्या छावणीतून सुटलेल्यांनी पुढे सांगितले आहे. फेब्रुवारी 1945 मध्ये, सुटका अवघी काही महिन्यांवर आली असता, ते तेथेच वारले. स्वतःच्या पदकासाठी जो रविवारी धावला नाही, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी रविवारी मैदानात उतरला. ज्याला मान द्यावा असा लिडेल मला पॅरिसपेक्षा त्या छावणीत अधिक दिसतो.

मग प्राध्यापकांना मी काय सांगितले? सत्कार अवश्य करा, असे सांगितले. मात्र चार गोष्टी सांभाळा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या मागे कोण उभे होते ते लिहा. ती डबा बांधून देणारी आई असो, वस्ताद असो वा मैदानावर पाणी मारणारा शिपाई असो. जे हयात आहेत त्यांच्याकडे आधी जा, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना मंडपात बोलावू नका, त्यांच्या घरी जा. संस्थेने ज्याच्यावर अन्याय केला त्याचे नाव शोधा, आणि हार घालण्याआधी त्याची क्षमा मागा. आणि समारंभाच्या शेवटी, जमलेल्या प्रत्येकाने आपल्या एका शिक्षकाचे नाव मनात घेऊन देवाचे आभार मानावे, एवढी दोन मिनिटे ठेवा. आमच्या वडिलांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "असे करणार असतील तर मीही येईन." मग जरा थांबून म्हणाले, "आमचेही एक कबड्डीचे मास्तर होते."

आमच्या गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. संडेस्कूलच्या मुलांना आम्ही तेथे सहलीला नेतो. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणले. वर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या आहेत, आणि खाली उतरले की चारशे वर्षांनंतरही पाणी वाहताना दिसते. मागच्या खेपेस एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे खणले कोणी?" मी सुभेदाराचे नाव सांगितले, तज्ज्ञाचे सांगितले. ती म्हणाली, "ते नाही, खणले कोणी?" मला उत्तर देता आले नाही. त्या मजुरांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांच्या पाण्यावर मात्र गाव जगले.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय आपल्याला खात्री देतो की, संतांची सेवा करताना केलेले काम व दाखवलेली प्रीती विसरण्याइतका देव अन्यायी नाही. त्या मजुरांची नावे त्याच्यापाशी आहेत, आमच्या ड्रिलच्या गुरुजींचेही आहे. पण देवाला आठवण आहे म्हणून आपण विसरावे, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत त्यांचे देणे आपल्याच माथ्यावर आहे.

वाचकहो, हे लिखाण वाचून झाल्यावर अशा एकाचे नाव आठवा की ज्याने तुमच्यासाठी काही गहाण ठेवले होते. पैसा, वेळ, झोप किंवा आपल्या मुलाचे बूट. तो हयात असेल तर येत्या रविवारी उपासनेनंतर सरळ घरी न जाता त्याच्याकडे जा. हार नेला नाही तरी चालेल.